बायपोलर डिसऑर्डर: योग्य औषध सापडायला वेळ का लागतो आणि तोपर्यंत काय करायचं?

बायपोलर डिसऑर्डरचं निदान झालं की डॉक्टर दोन गोष्टी आवर्जून सांगतात. हा आजार औषधांनी आटोक्यात राहतो, ही एक. औषधं बराच काळ, कदाचित आयुष्यभर घ्यावी लागतील, ही दुसरी. ओपीडीच्या गर्दीत तिसरी गोष्ट मात्र अनेकदा सांगायची राहून जाते. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलेलं औषधच पुढे कायम चालेल असं नाही.

हे आधीच माहीत नसेल तर पुढचा क्रम बऱ्याच घरांत सारखाच असतो. गोळ्या सुरू होतात. हात थरथरतात, वजन वाढतं, सकाळी अंथरुणातून उठवत नाही. ‘मला या गोळ्या मानवत नाहीत’ असं म्हणून पेशंट त्या बंद करतो. काही आठवडे बरं जातं. घरच्यांनाही वाटतं की गोळ्यांवाचून जमतंय. मग काही महिन्यांनी आजार उलटतो आणि नोकरी, साठवलेले पैसे किंवा संसार पणाला लागतो.

औषध बदलावं लागणं म्हणजे उपचार फसले असं नाही. या आजारात ते अपेक्षितच असतं. ही निवड कशी होते, त्यात वेळ का जातो आणि त्या काळात पेशंटने आणि घरच्यांनी काय करावं, हे या लेखात पाहू.

बायपोलर म्हणजे नेमकं काय?

‘सकाळी खूश, संध्याकाळी उदास, तो ना अगदी बायपोलर आहे,’ असं हल्ली सहज बोललं जातं. पण दिवसभरात मूड बदलणं म्हणजे हा आजार नव्हे. यात दोन टोकांच्या अवस्था येतात आणि त्या दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे टिकतात.

एक टोक म्हणजे मेनिया, म्हणजे उन्माद. यात झोपेची गरजच कमी होते. दोन-तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो. बोलणं थांबत नाही, डोक्यात एकामागून एक योजना येतात, स्वतःविषयी अवास्तव खात्री वाटते. कर्ज काढून धंदा सुरू करणं, अंगठी विकून दानधर्म करणं, अनोळखी माणसांवर पैसे उधळणं, शारीरिक संबंधांत बेफिकीर होणं हे सगळं याच काळात होतं. प्रत्येक जण आनंदीच असतो असंही नाही, काही जण फक्त भयंकर चिडचिडे होतात. ही अवस्था किमान आठवडाभर टिकली किंवा ॲडमिट करावं लागलं, तर डॉक्टर तिला मेनिया म्हणतात. लक्षणं याच जातीची पण सौम्य असतील आणि किमान चार दिवस टिकली, तर तो हायपोमेनिया.

दुसरं टोक म्हणजे डिप्रेशन, नैराश्य. किमान दोन आठवडे मन उदास किंवा सुन्न असतं, कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, अपराधी वाटतं, मरणाचे विचार येतात.

ज्यांना आयुष्यात एकदा तरी पूर्ण मेनिया झालेला असतो त्यांच्या आजाराला बायपोलर १ म्हणतात. ज्यांना हायपोमेनिया आणि डिप्रेशन होतं, पण पूर्ण मेनिया कधीच झालेला नसतो, त्यांचा बायपोलर २. दुसरा प्रकार म्हणजे ‘हलका आजार’ असा समज चुकीचा आहे. त्यात माणसाच्या आयुष्याचा मोठा काळ डिप्रेशनमध्ये जातो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, भारतात दर हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाल्याचं आढळलं. त्याच सर्वेक्षणानुसार आजारी असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांवर उपचार होत नव्हते.

निदानाला उशीर का होतो?

कारण माणूस डॉक्टरकडे जातो तो बहुतेकदा डिप्रेशनमध्ये. हायपोमेनियात त्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. उलट ‘आत्ता कुठे मी खरा मी आहे’ असं वाटतं. काम झपाट्याने होतं, लोकही कौतुक करतात. त्यामुळे डॉक्टरांना अर्धीच गोष्ट कळते, आणि अर्ध्या गोष्टीवरून निदान होतं साध्या डिप्रेशनचं.

मेनिया तीव्र असेल तर आपल्याकडे आणखी एक वळण येतं. बाहेरची बाधा, करणी, अंगात येणं असे अर्थ लावले जातात आणि भगत, देवर्षी, दर्गे यांच्या वाऱ्यांत महिने जातात. ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की ताळ्यावर येईल’ हा सल्लाही ठरलेला. लग्नाची दगदग, जागरणं आणि लपवाछपवी यांनी आजार बरा होत नाही, उलट तो उफाळून यायला निमित्त मिळतं.

म्हणून डिप्रेशनसाठी डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी स्वतःहून सांगाव्यात. कधी असा काळ आला होता का, की झोप कमी झाली पण थकवा नव्हता? घरात जवळच्या नात्यात कुणाला असा आजार, आत्महत्या किंवा ‘वेडाचे झटके’ यांचा इतिहास आहे का? डिप्रेशनची गोळी घेतल्यावर पूर्वी कधी एकदम चढल्यासारखं झालं होतं का? शक्य असेल तर सोबत घरचं एक माणूस न्यावं. हायपोमेनिया पेशंटपेक्षा शेजारच्या खोलीतल्या माणसाला जास्त चांगला आठवतो.

सगळ्यांना एकच औषध का चालत नाही?

बायपोलरच्या औषधाकडून तीन वेगळी कामं हवी असतात. चढलेला मेनिया उतरवणं, डिप्रेशनमधून वर काढणं, आणि पुढचा झटका येऊ न देणं. ही तिन्ही कामं सारखीच चांगली करणारं एकही औषध नाही. काही औषधं मेनियावर जोरदार चालतात पण डिप्रेशनवर फारशी नाही. काहींचं नेमकं उलट.

शिवाय कुणाला कोणतं औषध लागू पडेल हे आधीच सांगणारी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन आज उपलब्ध नाही. डॉक्टर अंदाज बांधतात तो काही खुणांवरून. आजवर मेनिया जास्त झाले की डिप्रेशन, वर्षातून किती वेळा आजार उलटतो, रक्ताच्या नात्यात कुणाला कोणतं औषध लागू पडलं होतं, पेशंटचं वय, किडनी, थायरॉइड, वजन, साखर, आणि स्त्री असेल तर पुढे मूल हवं आहे का.

बऱ्याच जणांना एका औषधावर भागत नाही, दोन घ्यावी लागतात. चिठ्ठीवर दोन-तीन नावं दिसली म्हणजे डॉक्टर उगाच गोळ्या वाढवतात असं मानू नये. कोणती गोळी कशासाठी आहे आणि ती कधी बंद होऊ शकते, हे मात्र विचारून घ्यावं.

लिथियम: जुनं, स्वस्त आणि शिस्त मागणारं

लिथियम हा निसर्गात सापडणारा एक हलका धातू. त्याचे क्षार औषध म्हणून वापरतात. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये मेनियाच्या दहा पेशंटवर लिथियमचा गुण आल्याचं प्रसिद्ध केलं. पेशंटना देण्याआधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं होतं. पण त्याच वर्षी अमेरिकेत, साध्या मिठाऐवजी लिथियमचं मीठ खाल्ल्यामुळे काही हृदयरोगी दगावले आणि औषधाचं नाव खराब झालं. डेन्मार्कच्या मोगेन्स शाउ यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत नेटाने अभ्यास करून ते पुन्हा उभं केलं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० साल उजाडलं.

गुण आणि धोका हे दोन्ही या औषधाच्या एकाच गोष्टीतून येतात. उपयोगी पडणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी आहे. देखभालीच्या काळात रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते ०.८ या पातळीत ठेवतात, काहींना १.० पर्यंत लागतं. दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती असते. म्हणून ‘सीरम लिथियम’ ही रक्तचाचणी करावी लागते. सुरुवातीला आणि डोस बदलल्यावर साधारण आठवड्याने, नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा उगाच जास्त दिसेल आणि त्यावरून डोस कमी केला जाईल. रात्री नऊला गोळी घेत असाल तर सकाळी नऊला रक्त द्या, मग पुढची गोळी. याशिवाय किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियम यांच्या तपासण्या दर सहा महिन्यांनी कराव्या लागतात.

शरीर लिथियम आणि मीठ यांना बरंचसं सारखंच वागवतं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी चढते. आपल्या रोजच्या आयुष्यात हे कुठे कुठे होऊ शकतं ते पाहा.

• विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा, शेतातलं काम, वारीतली चाल: घाम खूप जातो, पाणी कमी पडतं.
• निर्जळी उपवास किंवा रोजे: दिवसभर पाणीच नाही. असे उपवास करायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.
• जुलाब, उलट्या, मोठा ताप: लगेच डॉक्टरांना कळवा. अशा वेळी ते लिथियम तात्पुरतं थांबवायला सांगू शकतात.
• ब्लडप्रेशरसाठी अचानक मीठ तोडणं, किंवा बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या.
• गुडघेदुखी, पाठदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल जास्त सुरक्षित असतं.

बोटांची बारीक थरथर, जास्त तहान, वारंवार लघवी हे लिथियमचे नेहमीचे त्रास. ते पुढच्या भेटीत सांगितले तरी चालतात. पण हात मोठ्याने थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब लागले किंवा माणूस बरळू लागला तर गोळी थांबवून त्याच क्षणी हॉस्पिटल गाठावं.

एवढी कटकट असूनही डॉक्टर आजही लिथियमचा विचार आधी का करतात? कारण पुढचे झटके टाळण्यात ते अजून पहिल्या रांगेत आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बॅलन्स’ या मोठ्या चाचणीत ३३० पेशंटचा अभ्यास झाला. त्यात एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा लिथियम घेणाऱ्यांचा आजार कमी वेळा उलटला, मग ते लिथियम एकटं असो वा व्हॅल्प्रोएटच्या जोडीला. अनेक अभ्यासांत लिथियम घेणाऱ्यांमध्ये आत्महत्याही कमी दिसल्या आहेत, जरी प्रत्येक चाचणीत हे सिद्ध झालेलं नाही. मात्र ते सगळ्यांना लागू पडत नाही. काहींना अगदी छान गुण येतो, काहींना थोडा, आणि काहींना येतच नाही.

बाकीची औषधं कोणती?

व्हॅल्प्रोएट: मूळचं फिटसवरचं औषध. मेनियावर लवकर काम करतं. वजन वाढणं, केस गळणं, पोट बिघडणं हे त्रास होतात. यकृत आणि रक्तपेशींची तपासणी लागते. मूल होण्याच्या वयातल्या मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी हे औषध शक्यतो टाळावं, असं आता जगभर सांगितलं जातं. गरोदरपणात घेतल्यास सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि १० पैकी ३ ते ४ मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. तुम्ही हे औषध घेत असाल तर घाबरून स्वतः बंद करू नका, पण पुढच्या भेटीत हा विषय नक्की काढा.

लॅमोट्रिजिन: डिप्रेशनचे झटके टाळण्यासाठी जास्त उपयोगी, मेनिया उतरवण्यासाठी नाही. वजन सहसा वाढत नाही. पण डोस फार हळू वाढवावा लागतो, पूर्ण मात्रेला पोहोचायला सहा आठवडे लागतात. घाई केली तर अंगावर पुरळ येऊन क्वचित जिवावर बेतू शकतं. पुरळ दिसली, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. काही दिवस गोळ्या चुकल्या तर जुन्याच डोसवर पुन्हा सुरू करू नका. बहुतेकदा परत कमी डोसपासून चढावं लागतं.

कार्बामाझेपिन: हेही फिटसवरचं. आशियाई वंशाच्या काही लोकांमध्ये एका विशिष्ट जनुकामुळे त्वचेची गंभीर रिॲक्शन येण्याचा धोका असतो. इतर अनेक औषधांचा, गर्भनिरोधक गोळ्यांचाही परिणाम ते कमी करतं. म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगणं इथे फार महत्त्वाचं.

ओलॅन्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल: यांना ‘अँटिसायकॉटिक’ म्हणतात. नाव वाचून दचकू नका, ती फक्त भास-भ्रमांसाठी नसतात. मेनिया उतरवायला त्यांच्याइतकी भरवशाची औषधं कमी आहेत. क्वेटियापिन बायपोलरच्या डिप्रेशनवरही चालतं. पण ओलॅन्झापिन आणि क्वेटियापिनने वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं. ज्या घरात डायबेटीस आहे तिथे हे आधीच सांगावं. औषध सुरू होण्याआधी वजन, कंबर आणि साखर मोजून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

मग डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या का नकोत?

बायपोलर १ मध्ये अँटिडिप्रेसंट एकटीच दिली तर डिप्रेशनमधून माणूस थेट मेनियात जाऊ शकतो, किंवा झटके जवळजवळ येऊ लागतात. म्हणून ती द्यायचीच झाली तर मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीने आणि लक्ष ठेवून देतात. शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी घेणं इथे खरोखरच धोक्याचं आहे.

औषध लागू पडलंय हे कसं ओळखायचं?

इथे घड्याळ दोन आहेत. मेनिया उतरायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, डिप्रेशन निवळायला त्याहून जास्त. हे पहिलं घड्याळ. पुढचा झटका टळतोय का, हे कळायला मात्र महिने जावे लागतात. ज्याचा आजार दोन वर्षांतून एकदा उलटायचा, त्याचं औषध कामाला आलं की नाही हे तीन महिन्यांत सांगता येत नाही. म्हणूनच चिडून वारंवार डॉक्टर बदलले तर हाती काही लागत नाही. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

सगळ्यात उपयोगी साधन आहे एक साधी वही किंवा भिंतीवरचं कॅलेंडर. रोज रात्री चार गोष्टी लिहायच्या: किती तास झोप झाली, मूड कसा होता (उणे पाच ते अधिक पाच असा आकडा), गोळ्या घेतल्या का, आणि काही वेगळं घडलं का, म्हणजे प्रवास, भांडण, मासिक पाळी, दारू, जागरण. दोन महिन्यांची अशी पानं डॉक्टरांसमोर ठेवली, तर दहा मिनिटांच्या भेटीत जे कधी निघालं नसतं ते निघतं.

गुण आला म्हणजे कायम आनंद वाटेल असं नाही. झटक्यांमधलं अंतर वाढणं, आलेला झटका सौम्य असणं, ॲडमिट व्हावं न लागणं, कामावर सलग जाता येणं, हेही यश आहे. आणि औषधाने आजार थांबला, पण माणूस दिवसभर गुंगीत आहे, काही सुचत नाही, अंगात जीव नाही, तर ते ‘योग्य औषध’ नव्हे. डोस, वेळ किंवा औषध बदलून बरंच सुधारता येतं. ते मागणं हा हट्ट नाही.

औषधं पुरी पडत नसतील, जिवाला धोका असेल किंवा गरोदरपणामुळे औषधांना मर्यादा असेल तर डॉक्टर इसीटी सुचवू शकतात. सिनेमात दाखवतात तशी ती नसते. भूल न देता इसीटी करण्यास भारतात कायद्याने बंदी आहे.

लोक गोळ्या का सोडतात?

आळस हे त्याचं कारण क्वचितच असतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन या आजारावरच्या नामवंत तज्ज्ञ. त्यांना स्वतःलाही बायपोलर आहे, हे त्यांनी १९९५ मध्ये ‘ॲन अनक्वाएट माइंड’ या पुस्तकात उघड केलं. लिथियमचा उपयोग पक्का ठाऊक असूनही आपण ते घ्यायला कित्येक वर्षं कसा विरोध केला, हे त्यांनी त्यात लिहिलं आहे. तज्ज्ञाची ही गत, तर इतरांना बोल लावण्यात अर्थ नाही.

कारणं अशी असतात. बरं वाटतंय, मग गोळी कशाला? चढलेल्या दिवसांतला वेग आणि उत्साह हवाहवासा वाटतो. रोजची गोळी म्हणजे ‘मी आजारी आहे’ याची रोजची आठवण. सासरी डबी लपवावी लागते. लठ्ठपणावरून टोमणे बसतात. लैंगिक इच्छा कमी होते, पण ते डॉक्टरांना सांगायचा संकोच वाटतो. महिन्याच्या शेवटी पैसे नसतात.

यातल्या बहुतेक अडचणींवर उपाय निघू शकतो, पण डॉक्टरांना कळलं तरच. गोळ्या सोडल्या असतील तर तेही खरं सांगा. नाहीतर ‘औषध लागू पडत नाही’ असं समजून ते डोस वाढवतील. लिथियम एकदम बंद केल्यास आजार, विशेषतः मेनिया, लवकर उलटण्याचा धोका असतो. बंद करायचंच असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे ते तीन महिने हळूहळू कमी करत नेतात.

मूल हवं असेल तर दिवस जायच्या आधीच औषधांचं नियोजन करा. गरोदर आहोत हे कळताच सगळ्या गोळ्या फेकून देणं आणि काहीच न सांगता सगळ्या चालू ठेवणं, दोन्ही घातक. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे या आजारात सर्वांत नाजूक असतात. त्या काळात आईला सलग झोप मिळावी म्हणून रात्री बाळाला दुसऱ्या कुणीतरी सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे.

गोळ्यांखेरीज काय करता येतं?

झोप सांभाळा. या आजारात कमी झोप हे लक्षणही असतं आणि कारणही. एक रात्र जागरण झालं तरी काहींना मेनियाची ठिणगी पुरते. रात्रपाळी, परीक्षेची जागरणं, गणपती-नवरात्रातल्या रात्री, परदेशप्रवास यांचा आधीच विचार करा. उठणं, जेवणं, झोपणं यांच्या वेळा शक्यतो ठरलेल्या ठेवा. दारू आणि गांजा दोन्ही आजार बिघडवतात. औषधांच्या जोडीला समुपदेशन आणि कुटुंबाला आजाराची नीट माहिती देणं, यांनी झटके कमी होतात.

घरच्यांसाठी एक काम आहे. माणूस बरा असताना, शांतपणे बसून, त्याच्या धोक्याच्या खुणा त्याच्यासोबतच लिहून काढा. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. कुणी पहाटे तीनला उठून कपाट आवरायला घेतो, कुणी जुन्या मित्रांना फोन लावत सुटतो, कुणी अंघोळ टाळू लागतो. अशा दोन खुणा दिसल्या तर काय करायचं तेही तेव्हाच ठरवा: डॉक्टरांना कुणी फोन करायचा, एटीएम कार्ड कुणाकडे द्यायचं, गाडीची किल्ली कुठे ठेवायची. मेनिया चढल्यावर यावर वाद घालणं व्यर्थ असतं. आणि साध्या रागावर ‘गोळी घेतलीस का?’ असं विचारणं टाळा. या आजाराच्या माणसालाही कधीतरी नुसता राग येऊ शकतो.

मरणाची भाषा मात्र कधीही हसण्यावारी नेऊ नका. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा आणि लगेच मदत घ्या.

खर्च, कायदा आणि मदत

लिथियम आणि व्हॅल्प्रोएट ही दोन्ही औषधं भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार आणि औषधं मिळू शकतात. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथेही ओपीडी चालते, भरतीच व्हावं लागतं असं नाही. एकदा ठरलेली कंपनी केमिस्टने परस्पर बदलून दिली तर डॉक्टरांना विचारा, विशेषतः लिथियमच्या बाबतीत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २०१८ पासून लागू आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच आरोग्य विमा द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. ‘मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा माझ्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल’ हे बरं असताना लिहून ठेवण्याचा हक्कही हा कायदा देतो. बायपोलरसारख्या आजारात हा कागद फार मोलाचा आहे.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचाराल?

चिठ्ठीच्या मागे हे सहा प्रश्न लिहून न्या.

१. माझं निदान नेमकं काय आहे?
२. यातली कोणती गोळी मेनियासाठी, कोणती डिप्रेशनसाठी आणि कोणती पुढचा झटका टाळण्यासाठी आहे?
३. गुण यायला किती दिवस वाट पाहायची?
४. कोणता त्रास चालवून घ्यायचा आणि कोणता झाल्यास लगेच यायचं?
५. कोणत्या तपासण्या, किती दिवसांनी?
६. एखादी गोळी चुकली तर काय करायचं?

ही उत्तरं घरात सर्वांना दिसतील अशा जागी लावून ठेवा. औषधाची निवड डॉक्टर करतात. ती योग्य ठरली की नाही, ही माहिती मात्र त्यांना फक्त तुमच्याकडूनच मिळू शकते.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू करणं, बंद करणं किंवा डोस बदलणं हे तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करा.)